तेरची पांढरी



गावच्या जमिनीची विभागणी आपला शेतकरी दोनच शब्दांत करतो : काळी आणि पांढरी. काळी कसण्याची, पांढरी वसण्याची. धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी वसलेल्या तेरची पांढरी दोन हजार वर्षांची आहे.

'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात या वसाहतीचे नाव 'तगर' असे येते. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, एक फार मोठे नगर, असे ग्रंथकार सांगतो. तेथून पुष्कळ जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या अफाट मुलखातून भडोचच्या बंदरात जाई. महिनाभराची ती वाट तुडविणारे गाडीवान कोण, ती मलमल विणणारे हात कोणाचे, याविषयी तो मौन पाळतो. मालाची यादी मात्र चोख देतो. अखेर दृष्टी व्यापाऱ्याची!

राजांनी तरी वेगळे काय केले? शिलाहार कोकणात व कोल्हापुरात राज्य करीत होते, तरी 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवीत राहिले. नगर श्रमिकांनी उभारले, त्याचे नाव राजघराण्याच्या बिरुदात गेले.

१९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले. १९५८ साली चापेकरांनी तेथे उत्खनन केले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय आज गावातच आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली. ही मूर्ती सर्वांच्या तोंडी असते. त्रिविक्रम मंदिराच्या विटांविषयी तितके बोलले जात नाही. मूळचे बौद्ध चैत्यगृह मानली जाणारी ही वास्तू दगडाची नव्हे, भाजलेल्या मातीची आहे. तेरणेकाठच्या मातीत राबणाऱ्यांनी ती उभी केली.

त्या राबणाऱ्यांपैकी नावानिशी लोकांच्या स्मरणात राहिला तो एकच, आणि तोही सातवाहनांनंतर हजारएक वर्षांनी : गोरा कुंभार. संतमेळ्यातील कच्चे मडके कोणते, पक्के कोणते, हे गोरोबाकाकांनी थापटण्याने डोक्यांवर थापट्या मारून ठरविले, अशी कथा आहे. परीक्षेला बसलेल्यांत नामदेव होते आणि परीक्षक तेरचा एक कारागीर होता.