सहोदरांचे नृत्य आणि दानाची कसोटी

 

गणेशोत्सव आणि नवरात्र जवळ आले की पांढुर्णा-सौंसर परिसरातील घराघरांतून मुलेमुली नृत्य बसवू लागतात. भाऊ ताल धरतो, बहीण पदन्यास रचते, धाकटी भावंडे अनुकरण करतात. अशा नृत्यातून जमलेले द्रव्य रुग्णांस अथवा निराधारांस द्यावे, हा विचार स्तुत्य होय. परंतु त्यास दान केव्हा म्हणावे?

भरतमुनींनी नाट्यवेद प्रथम आपल्या शंभर पुत्रांस शिकविला, असे नाट्यशास्त्र सांगते. म्हणजे नाट्याचे पहिले पथक भावंडांचेच होते. त्याच ग्रंथाच्या अखेरीस त्यांचे पतनही वर्णिले आहे. विद्येच्या मदाने त्यांनी ऋषींची टवाळी करणारे प्रयोग केले आणि शाप ओढवून घेतला. पुत्र खचले, तेव्हा भरतांनी त्यांना सावरले आणि ही विद्या नष्ट होऊ न देता शिष्यांस देण्याचा उपदेश केला. कला भावंडांस एकत्र आणते. अहंकार त्यांना एकत्रच बुडवितो.

याउलट लव आणि कुश पाहावेत. रामायणाच्या उत्तरकांडात या जुळ्या भावांचे गायन ऐकून श्रीरामांनी त्यांस अठरा सहस्र सुवर्णमुद्रा देण्याची आज्ञा केली. कंदमुळांवर राहणाऱ्या वनवासींना सोन्याचे काय प्रयोजन, असे म्हणून दोघांनीही ती नाकारली. एकाने घ्यावे व दुसऱ्याने सोडावे, असे झाले नाही.

अर्वाचीन काळातील उदाहरण मुंबईच्या झवेरी भगिनींचे आहे. नयना, रंजना, सुवर्णा आणि दर्शना या चौघींनी गुरू बिपिन सिंह यांच्याकडे मणिपुरी नृत्याची साधना केली. राजर्षी भाग्यचंद्रांनी अठराव्या शतकात प्रवर्तित केलेला रास ही तेथील उपासना होय. १९५६ साली इंफाळच्या गोविंदजी मंदिरात या भगिनींनी आपली नृत्यसेवा अर्पण केली. १९७२ मध्ये गुरूंसमवेत त्यांनी ‘मणिपुरी नर्तनालय’ स्थापन केले. मिळालेली विद्या इतरांस देणे, हेही दानच होय.

म्हणून आपल्या मुलांस तीन गोष्टी शिकवाव्यात. पहिली: मध्यभागी कोण उभे राहणार, या वादात साधना विटाळू नये. दिंडीत पावली खेळताना उत्तम कोण, हे कोणी विचारीत नाही. सर्वांचे पाऊल एकाच ठेक्यावर पडते. दुसरी: पोशाख, मंडप व दिवाबत्ती यांचा खर्च घरच्यांनी सोसावा, म्हणजे दानाच्या नावे आलेला पैसा पूर्णपणे त्या कार्यास जाईल, त्याचा हिशेबही सर्वांसमक्ष वाचावा. तिसरी: ज्यांना साहाय्य द्यावयाचे, त्यांना रंगमंचावर उभे करू नये. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान परतफेडीच्या अपेक्षेविना, देश, काल व पात्र पाहून द्यावे, असे म्हटले आहे. घेणाऱ्याचा संकोच ही देखील देणाऱ्याने उकळलेली परतफेडच असते.

नृत्य संपते, घुंगरू उतरतात, टाळ्या विरतात. त्यानंतर एखाद्या घरी औषध पोहोचले आणि भावंडांचे परस्परप्रेम पूर्वीपेक्षा वाढले, तर ते नृत्य ईश्वरास पावले असे समजावे. ही बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.