चिठ्ठीनं हरवलेला रानपिंगळा



पिंगळा आपल्या ओळखीचा. वडा-पिंपळाच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला बाहेर पडून कलकलाट करणारा. याचाच एक भाऊबंद जंगलात राहतो, रानपिंगळा. हा छोटा शिकारी तब्बल ११३ वर्षं अभ्यासकांना सापडलाच नव्हता.

१८७३ साली ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतल्या त्याच ह्यूमसाहेबांनी, त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे आपल्या खानदेशातूनही काही नमुने गोळा झाले. १८८४ नंतर मात्र पक्षी गायब! जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरली जेमतेम सात कातडी.

त्यातल्या एका कातड्याच्या पायाला चिठ्ठी होती : १९१४, मांडवी, गुजरात. नमुना पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा. त्या चिठ्ठीवर विसंबून जाणकारांनी मांडवीकडची रानं धुंडाळली आणि रिकाम्या हातांनी परतले. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं ते कातडं बारकाईनं तपासलं, तेव्हा बिंग फुटलं. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच खानदेशचा जुना नमुना चोरून, नव्यानं भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती!

मग खोटी चिठ्ठी बाजूला सारून बाई दोन सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्या. त्यांतल्या पूर्वेकडच्या ठिकाणी काहीच हाती लागलं नाही. मग सातपुड्याचा पायथा. २५ नोव्हेंबर १९९७ ची सकाळ, शहाद्याजवळचं रान. आणि निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, लख्ख उजेडात, रानपिंगळा बसलेला!

तो ओळखायचा कसा? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. पोट पांढरंशुभ्र, पाय पिसांनी भरलेले, चोच नि नख्या दणकट. शिवाय हा दिवसाही शिकार करतो. शेपटी झटकत बसतो, खाली सरडा हलला की झडप!

पुढे तो मेळघाटात दिसला आणि २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलातही. तिथं तो असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. झाड तुटलं की घर गेलं. तेव्हा श्रोतेहो, रानातलं म्हातारं, पोकळ झाड निरुपयोगी म्हणून तोडू नका. आणि भरदिवसा पिंगळा दिसला, तर त्याच्या डोक्यावर ठिपके आहेत का, तेवढं जरूर बघा.