आडवा वारा आणि शिकाऊ वैमानिक

विमान चढविणें अवघड कीं उतरविणें अवघड, असा प्रश्न कोणाही वैमानिकास केला तर उत्तर देण्यापूर्वी तो वाऱ्याची चौकशी करील. चढण्याचें पुष्कळसें काम यंत्राची शक्ति करते. परंतु सुमारें एक हजार किलो वजनाचें विमान, ताशीं शंभराहून अधिक किलोमीटर वेगानें धांवत असतां, एका अरुंद पट्टीवर हळुवार टेकविणें हें मनुष्याच्या हातापायांचें काम आहे. वारा आडवा असला म्हणजे त्या हातापायांची खरी परीक्षा होते.

वास्तविक वारा हा वैमानिकाचा शत्रु नव्हे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंनीं किटी हॉक येथें पहिलें उड्डाण केलें तें समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांतच. १२ सेकंदांत १२० फूट! एखादा चपळ मुलगाही तेवढ्या वेळांत तेवढें अंतर सहज कापील. पण पंखांना आधार मिळतो तो हवेशीं असलेल्या गतीचा, जमिनीशीं असलेल्या गतीचा नव्हे. आज शिकाऊ वैमानिकांच्या हातीं बहुधा जें सेस्ना १७२ विमान दिलें जातें, तें ६५ नॉटांच्या सुमारास उतरावयास येतें. समोरून १५ नॉटांचा वारा असेल तर जमिनीशीं त्याचा वेग ५० नॉटच राहतो, आणि तें थोडक्यांत थांबतें.

आरंभींचे विमानतळ म्हणजे मोठालीं गवताळ मैदानेंच असत. वाऱ्याकडे तोंड करावें आणि उतरावें. पुढें जड विमानांसाठीं पक्क्या धांवपट्ट्या झाल्या, आणि एका सोयीबरोबर एक अडचणही पदरीं आली. पट्टी जागची हलत नाहीं आणि वारा कोणाच्या सोयीनें वाहत नाहीं.

समजा, पट्टी थेट पश्चिमेकडे जाते आणि पावसाळी दिवसांत वारा तिच्या डावीकडून, ३० अंश तिरपा, २० नॉटांनीं येत आहे. त्यांतील निम्मा, म्हणजे १० नॉट, जोर विमानास उजवीकडे ढकलतो. नदी ओलांडणारा नावाडी नावेचें नाक जसें प्रवाहाच्या वरच्या अंगास रोखतो, तसें विमानाचें नाक सुमारें नऊ अंश डावीकडे ठेवून विद्यार्थी पट्टीच्या रेषेवर येतो. विमान तिरकें दिसतें, पण जातें सरळ. हें शिकावयास फार वेळ लागत नाहीं.

खरी कसोटी शेवटच्या कांहीं क्षणांत असते. अशा तिरक्या स्थितींतच चाकें टेकलीं तर त्यांवर आडवा ताण पडून विमान पट्टीबाहेर भरकटण्याचा धोका असतो. म्हणून उजव्या पायानें सुकाणू दाबून नाक पट्टीच्या रेषेंत आणावें लागतें, आणि त्याच वेळीं हातानें डावा पंख वाऱ्याकडे किंचित् झुकवावा लागतो. हात डावीकडे, पाय उजवीकडे! मोटार चालविणाऱ्याच्या अंगवळणीं पडलेल्या साऱ्या संवयींविरुद्ध ही गोष्ट आहे, आणि ती केवळ व्याख्यानानें येत नाहीं. प्रथम डावें चाक टेकतें, मग उजवें, मग पुढचें. नवखा विद्यार्थी या क्षणीं नाकापुढची जमीन पाहतो. त्यानें पाहावें तें पट्टीचें दूरचें टोंक. तेथूनच आपण किती सरकत आहों हें कळतें.

वारा झोतांनीं येऊं लागला कीं प्रकरण अधिक बिकट होतें. समोरचा वारा २५ नॉटांवरून एकाएकीं १५ वर आला तर विमानाची जमिनीशीं असलेली गति तत्काळ बदलत नाहीं. हवेशीं असलेले दहा नॉट मात्र हरपतात आणि विमान खालीं बसतें. म्हणून झोतामुळें पडणाऱ्या फरकाच्या निम्मा वेग, येथें ५ नॉट, जवळ अधिक बाळगण्याचा प्रघात आहे. त्याहून जास्त मात्र नको, नाहीं तर विमान टेकण्याचें नांवच घेत नाहीं व पट्टी मागें पडत जाते.

अशा दिवशीं शिक्षक हात मांडीवर ठेवून गप्प बसलेला असतो. तो उदासीन नसतो; विद्यार्थी कोणत्या क्षणीं 'पुरे' म्हणतो हें तो पाहत असतो. विमान रेषेवर राहीना, किंवा आपटून उसळलें, तर यंत्रास पूर्ण शक्ति देऊन पुन्हा चढावें आणि आणखी एक फेरी घ्यावी. विद्यार्थ्यांस यांत कमीपणा वाटतो. खालीं मित्र पाहत असतात! माझ्या मतें पुष्कळ अपघातांचें बीज या संकोचांतच आहे. बिघडलेलें उतरणें हट्टानें सुधारूं पाहणाऱ्यापेक्षां तीनदां परत चढणाऱ्यास शिक्षक लवकर एकट्यानें उडूं देतो. सेस्ना १७२ च्या पुस्तिकेंत आडव्या वाऱ्यासाठीं १५ नॉटांचा आंकडा आढळतो, परंतु तेवढ्या वाऱ्यांत विमान उतरवून दाखविणारा वैमानिक कसलेला असतो. शिकाऊ माणसाची मर्यादा त्याहून पुष्कळ खालीं असते, आणि ती शिक्षक ठरवितो.

चाकें टेकलीं तरी हाताला विसांवा नाहीं. वेग कमी होतो तसतसा दांडा वाऱ्याच्या बाजूस अधिकाधिक वळवावा लागतो, नाहीं तर वारा तो पंख उचलूं पाहतो. वाऱ्याच्या दिवशीं हें हलकें विमान उघड्यावर ठेवावयाचें असेल, तर यंत्र थांबल्यावरही त्याचे पंख आणि शेपूट दोरांनीं जमिनीस बांधून मगच विद्यार्थी घरीं जातो.