साताऱ्याच्या तहाचें पांचवें कलम

(वाळवें तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)

पूर्वीच्या राज्यकर्त्यांनीं परक्या सत्तांशीं जो व्यवहार केला, त्यापासून आज आपण काय शिकावें, असा विषय चालकांनीं आम्हांस दिला आहे. विषय ऐकून कित्येकांच्या मनांत आलें असेल कीं, हा दिल्लीकरांचा कारभार; नांगर धरणाऱ्यानें किंवा भाता ओढणाऱ्यानें त्यांत डोकें कशाला घालावें? आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांदा परदेशीं पाठविण्यास बंदी केली. त्या वेळीं लोणंदच्या बाजारांत कांद्याच्या गोण्या घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास परदेशव्यवहार म्हणजे काय, तें पोथी न वाचतां समजलें. सांगलीची हळद, तासगांवचा बेदाणा, विट्याच्या मागाचें कापड, यांचा भाव आपल्या घामावर ठरतो तसा तो दूरच्या देशांशीं झालेल्या लिखापढीवरहि ठरतो. दिल्लींत झालेली सही शेवटीं आपल्या बांधापर्यंत येते. म्हणून त्या सहीची विचारपूस करणें हा आपला हक्क आहे, आणि आमच्या मतें तें कर्तव्यहि आहे.

उदाहरण शोधावयास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच साताऱ्याच्या गादीची हकीकत पुरेशी आहे. त्या काळीं हा आपला वाळवें तालुका साताऱ्याच्या राज्यांतच मोडत असे. सांगली जिल्हा निराळा झाला तो १९४९ सालीं, आणि तोहि आरंभीं दक्षिण सातारा या नांवानें.

प्रतापसिंह महाराजांचा जन्म १७९३ सालचा. १८०८ सालीं वडील वारले आणि पंधरा वर्षांचा मुलगा छत्रपति झाला, पण केवळ नांवाचा. दहा वर्षें पेशव्याच्या पहाऱ्यांत गेलीं. फेब्रुवारी १८१८ मध्यें अष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले, बाजीराव पळाला, आणि महाराज इंग्रजांच्या हातीं आले. एप्रिलांत इंग्रजांनीं त्यांस गादीवर बसविलें, व २५ सप्टेंबर १८१९ रोजीं कंपनी सरकारनें त्यांच्याशीं तह केला. उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्रि, एवढ्या हद्दींतला मुलूख महाराजांकडे राहिला. लोकांस वाटलें, शिवछत्रपतींची गादी पुन्हां उभी राहिली.

आतां या तहाचें पांचवें कलम आम्ही साध्या भाषेंत सांगतों, तें लक्ष देऊन ऐका. महाराजांनीं परराज्याशीं कसलाहि संबंध ठेवूं नये. एवढेंच नव्हे, तर आपल्या अमलाखालीं नसलेल्या कोणाहि सरदाराशीं, जहागीरदाराशीं किंवा इतर माणसाशीं पत्रव्यवहार करूं नये. बोलण्याची गरज पडली तर कंपनीच्या साताऱ्यांतील साहेबामार्फत बोलावें. सोयरिकीची बोलणी करावयाची झाली तरी तीहि त्याच वाटेनें. आणि हें कलम मोडलें, तर तहानें मिळालेलें सगळें गमवावें.

खत लिहून देण्याचा अनुभव ज्या घरांत आहे, त्यांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. समजा, एका कुणब्यानें सावकारास खत लिहून दिलें. रक्कम बेताची, व्याज बेताचें, जमीन त्याच्याच वहिवाटीस. पण खताच्या पोटांत एक ओळ आहे कीं, ऋणकोनें सावकारावांचून दुसऱ्या कोणाशीं देण्याघेण्याचें बोलूं नये; बोलल्यास जमीन सावकाराची; आणि तो बोलला कीं नाहीं, याचा निवाडाहि सावकारच करील. असें खत करणारा आज घरीं सुखानें भाकरी खाईल, पण त्याची जमीन त्याच दिवशीं गेली असें समजावें. सावकारानें ती केव्हां उचलावी, एवढाच प्रश्न उरतो.

मग महाराजांनीं असें खत कां दिलें? त्यांस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्याजवळ फौज नव्हती, खजिना नव्हता, आणि पहाऱ्यांतून सोडविणारा हात त्यांना उपकाराचा वाटला. त्यांत एल्फिन्स्टनसाहेब मोठ्या मनाचे, आणि साताऱ्यास नेमलेले ग्रँटसाहेब, ज्यांनीं पुढें मराठ्यांचा इतिहास लिहिला, तेहि महाराजांविषयीं आस्था बाळगणारे. १८२२ सालीं सगळा कारभार महाराजांच्या हातीं देण्यांत आला. साहेब चांगले, म्हणून तहहि चांगला वाटला. पण साहेब बदलतो, कागद बदलत नाहीं. ग्रँटसाहेब लवकरच विलायतेस परतले, १८२७ सालीं एल्फिन्स्टनसाहेब गेले, आणि त्यांच्या जागीं आलेल्यांनीं मागच्यांची आस्था पाहिली नाहीं, कागद पाहिला.

त्याच सुमारास सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढेंहि पेंच होता. कंपनीसाठीं स्वार ठेवून चाकरी करावी, अशी मागणी होती. त्यांनीं चाकरी पत्करली नाहीं. तिच्या बदल्यांत सालिना १ लाख ३५ हजार रुपये वसुलाचा मुलूख तोडून दिला. सांगलीकर कांहीं स्वतंत्र राहिले नाहींत, तेहि इंग्रजांचे मांडलिकच. पण काय दिलें आणि काय राखलें, हें त्यांस त्या दिवशींच माहीत होतें. साताऱ्याच्या खताची किंमत मात्र वीस वर्षांनीं कळावयाची होती.

महाराजांचा कारभार वाईट होता म्हणून राज्य गेलें, असें कोणी म्हणेल तर तें खोटें आहे. त्यांनीं रस्ते बांधले, साताऱ्यास पाणी आणलें, शाळा काढली, छापखाना घातला. १८२९ सालीं महाबळेश्वराची जागा इंग्रजांस हवापालटासाठीं दिली आणि बदल्यांत वाई प्रांतांतील खंडाळें घेतलें. १८३५ सालीं लंडनच्या कंपनीच्या चालकांनीं खूष होऊन त्यांस रत्नजडित तलवार व स्तुतीचें पत्र धाडलें. मुंबईच्या अधिकाऱ्यांनीं तें पत्रहि त्यांस दिलें नाहीं आणि तलवारहि दिली नाहीं. यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्या. घरचा कारभार कितीहि चोख असला, तरी बाहेरच्या व्यवहाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल, तर त्या चोखपणाचा उपयोग होत नाहीं.

तंटा कशावरून लागला? औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट या जहागिरींवर वरचा हक्क कोणाचा, महाराजांचा कीं कंपनीचा, यावरून. महाराज आपल्या हक्कासाठीं अडून बसले, आणि मग पांचवें कलम बाहेर निघालें. १८३६ सालीं साताऱ्यांतील पलटणीचे शिपाई फितविल्याचा आरोप त्यांच्यावर आला. पुढें गोव्याच्या पोर्तुगीजांशीं आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं खलबत केल्याचे आरोप जोडले गेले. चौकशी झाली ती बंद दाराआड. पुराव्याचे कागद बनावट आहेत, उघड चौकशी करा, असें महाराजांच्या बाजूचें म्हणणें होतें. तशी चौकशी अखेरपर्यंत झाली नाहीं. फिर्यादीहि कंपनी आणि न्यायाधीशहि कंपनी!

ऑगस्ट १८३९ मध्यें मुंबईचे गव्हर्नर कार्नाकसाहेब स्वतः साताऱ्यास आले. तह मोडल्याचें कबूल करून एका कागदावर सही करा, गादी राहील, असें त्यांनीं सांगितलें. बंधूंनो, येथें महाराजांची खरी थोरवी दिसते. एक सही केली असती तर वाडा, हत्ती, घोडे, सर्व राहिलें असतें. आपण न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन राज्य राखावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें आणि सही नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्यें त्यांस गादीवरून काढून काशीस पाठविण्यांत आलें. तेथेंच १८४७ सालीं ते वारले. गादीवर बसविलेले धाकटे बंधु शहाजी महाराज ५ एप्रिल १८४८ रोजीं वारले. मरण्यापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर क्लार्कसाहेब यांचेंहि मत राज्य खालसा करूं नये असेंच होतें. तरी डलहौसीनें दत्तक नामंजूर केला आणि राज्य गिळलें.

महाराजांची दाद मागण्यास रंगो बापूजी गुप्ते लंडनास गेले. १८४० पासून १८५३ पर्यंत त्यांनीं तेथें ठाण मांडलें, पत्रकें छापलीं, कंपनीच्या भागीदारांच्या सभा गाजविल्या. जोसेफ ह्यूम व जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूनें बोलले. ज्या लॉडविकसाहेबांनीं चौकशींत भाग घेतला होता, त्यांनींहि पुढें महाराजांची बाजू घेतली. एवढें होऊन पदरीं कांहीं पडलें नाहीं. रंगो बापूजींच्या कष्टांत उणें नव्हतें, बुद्धींत उणें नव्हतें. पण ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची, त्याच्याच कचेरींत ती मागावी लागत होती. आणि ज्याच्याशीं बोलूं नये असें वीस वर्षांपूर्वीं लिहून दिलें, तो तिऱ्हाईत साक्षीस कोठून येणार? रंगो बापूजी परत आले, १८५७ च्या उठावांत पडले, आणि नंतर त्यांचा पत्ता लागला नाहीं. त्यांचे चिरंजीव सीताराम यांस ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्यास फांशी दिलें.

आतां आजच्याकडे वळूं. या हकीकतींतून आम्ही तीन गोष्टी घेतों.

पहिली गोष्ट. कितीहि बलवान मित्र असो, दुसऱ्यांशीं बोलण्याचा हक्क त्याला विकूं नये. एकाच दारीं जाणाऱ्याला त्या दाराचा मालक म्हणेल तो भाव मान्य करावा लागतो. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर देशानें दोन बलाढ्य गटांपैकीं एकाचेंहि दावें गळ्यांत बांधून घेतलें नाहीं, त्यांतील शहाणपण हेंच होतें. आणि काळाचा फेरा पाहा. ज्या मुलुखाच्या राजाला परराज्यास चिठ्ठी लिहिण्याची बंदी होती, त्याच मुलुखांतील देवराष्ट्रें गांवीं जन्मलेले, शेतकऱ्याच्या घरचे यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ या काळांत सबंध देशाचे परराष्ट्रमंत्री होते.

दुसरी गोष्ट. माणसाच्या गोड बोलण्यावर करार करूं नये. करारांत काय लिहिलें आहे आणि तंटा झाल्यास निवाडा कोण करील, हें आधीं पाहावें. पुढारी एकमेकांस मिठ्या मारतात, त्यांचीं चित्रें छापून येतात. तो पुढारी उद्यां घरीं जाईल, कागद मात्र आपल्या नातवांच्या माथीं राहील.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रतापसिंह महाराज एकटे पडले. तहांत काय आहे, हें वारणाकांठच्या कुणब्यास किंवा साताऱ्याच्या कोष्ट्यास कोणी सांगितलें नव्हतें. राजा गेला तेव्हां प्रजा रडली, पण काय गेलें हें तिला ठाऊक नव्हतें. आज राज्य आपलें आहे आणि मत आपलें आहे. नोव्हेंबर २०१९ मध्यें आरसेप नांवाच्या मोठ्या व्यापारी करारावर सही करण्याचें आपल्या देशानें नाकारलें. परदेशी दुधाची भुकटी स्वस्त येऊन आपला दुधाचा धंदा बुडेल, अशी ओरड गोठ्यावाल्यांनीं आधीं केली होती. तो नकार बरोबर कीं चूक, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. पण ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता ते बोलले, आणि त्यांचें बोलणें ऐकावें लागलें, हें विसरूं नका. पुढें २४ जुलै २०२५ रोजीं आपल्या देशानें ब्रिटनशीं व्यापारी करार केला. ज्या देशांत रंगो बापूजींनीं उंबरठे झिजविले, त्या देशाशीं आतां आपले मंत्री बरोबरीच्या नात्यानें सही करतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अभिमान वाटला म्हणून वाचणें सोडूं नये. त्या करारांत शेतमालाला काय, विणकराला काय, लोहाराला काय, हें आपण विचारलें पाहिजे.

यासाठीं करावयाचें काय? फार मोठें कांहीं नाहीं. गांवांत आठवड्यास एकदां वर्तमानपत्राचें जाहीर वाचन करा. मत मागावयास येणाऱ्यास रस्ता व पाणी विचारतां, तसेंच कांदा, साखर, दूध व सूत यांबद्दल परदेशांशीं काय ठरलें तेंहि विचारा. त्याला उत्तर देतां आलें नाहीं तर पुढच्या खेपेस उत्तर घेऊन ये म्हणून सांगा. आणि मुलांइतकेंच मुलींना शिकवा, कारण घरांतला कागद अखेर तीच जपून ठेवते.

महाराजांचें राज्य एका कलमानें गेलें. पण साताऱ्यास त्यांच्या नांवाचें हायस्कूल आजहि आहे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्याच शाळेच्या पटावर भीमराव आंबेडकर या मुलाचें नांव चढलें. परक्यानें लिहिलेलें कलम आपल्या राजाच्या गळ्याला फांस झालें. त्या मुलानें मोठेपणीं देशाचीं कलमें लिहिण्यांत पुढाकार घेतला. कागद वाचतां येणें आणि कागद लिहितां येणें, यांत केवढी ताकद आहे तें यावरून ओळखा. तेव्हां, बंधुभगिनींनो, यापुढें देशाच्या नांवानें कोठेंहि सही होईल तेव्हां पांचवें कलम काय आहे, तें आधीं विचारा.