सातपुड्यांतील गाणें आणि संगणकाची घाई

अक्कलकुवा तालुक्यांतील काठी या गांवीं होळीच्या रात्रीं मोठमोठे ढोल वाजूं लागतात, ते पहांटे होळी पेटेपर्यंत थांबत नाहींत. मोरपिसांचे टोप घालून, घुंगरू बांधून नाचणारी मंडळी दूरदूरच्या पाड्यांवरून आलेली असते. हें सारें संगणकावर मुद्रित करावयास जो तरुण जातो, त्याला दुसरी संधि मिळावयाची ती पुढल्या फाल्गुनांत. आणि ज्या आजीचें गाणें त्याला हवें असतें, ती तेव्हां गावयास असेलच असें नाहीं.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें तेथील शंभरांपैकीं सुमारें ६९ माणसें आदिवासी आहेत. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा भिल्ली भाषांचा भाग १९०७ सालीं छापला गेला, त्यांत पावरी व मावची यांचे नमुने आहेत. पण कागदावर उतरलें तें थोडें. अभंगाच्या मुद्रणांत एक अक्षर तुटलें तर गाथा उघडून तें भरतां येतें. पावरी गीतांतील तुटलेल्या अक्षरासाठीं उघडावें असें पुस्तक बहुधा नसतेंच.

अक्षर तुटतें तें कसें? मायक्रोफोनमधून आलेला आवाज यंत्र सेकंदाला ४८,००० वेळां मोजतें. हे आंकडे एकेक नव्हे, तर गठ्ठ्यानें संगणकाच्या हातीं जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. २५६ आंकड्यांचा गठ्ठा भरावयास सुमारें ५ मिलिसेकंद लागतात, १०२४ चा भरावयास २१. गठ्ठा लहान, तर उशीर कमी. परंतु मग संगणकाला दर सेकंदाला १८७ हून अधिक वेळां हातचें काम टाकून धांवावें लागतें. एकदां जरी तो वेळेवर पोंचला नाहीं, तरी तेवढा आवाज हरवतो, आणि गाण्यांत ‘टक्’ असा खटका किंवा क्षणाची पोकळी राहते.

उलट गठ्ठा मोठा केला तर संगणकाला उसंत मिळते, पण हेडफोनमधून ऐकणाऱ्या गायकाला स्वतःचा आवाज मागाहून येतो. आंत एक गठ्ठा व बाहेर एक, मिळून ४२ मिलिसेकंद धरले, तर तेवढ्यांत हवेंतून आवाज चौदा मीटर जातो. आपलाच सूर अंगणापलीकडून आल्यासारखा वाटला, तर ताल कसा राहावा?

येथेंच एक चूक फार होते. उशीर वाईट असें ऐकून नवशिका बफर ६४ वर आणून ठेवतो. पण काठीच्या मैदानांत हेडफोन लावून गातो कोण? गाणारे एकमेकांना हवेंतूनच ऐकतात. तेथें उशिराशीं कोणालाच कर्तव्य नाहीं. बफर १०२४ किंवा २०४८ करून निश्चिंत व्हावें. उशीर खरा नडतो तो खोलींत, आधीं मुद्रित केलेल्या ढोलावर मागाहून गातांना. तेथेंही गठ्ठा बारीक करावयास नको. बाहेरून जोडावयाच्या बहुतेक ऑडिओ इंटरफेसांत अशी सोय असते कीं, गायकाचा आवाज संगणकांत न फिरतां परस्पर त्याच्या हेडफोनमध्यें जावा. हिलाच डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात. मात्र सॉफ्टवेअरमधील मॉनिटरिंग बंद करावें, नाहींतर आवाज दोनदां ऐकूं येतो.

बाकीची व्यवस्था साधी आहे. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीनें दिलेला एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडावा. आपोआप होणारे अपडेट, ब्लूटूथ व वायफाय बंद ठेवावें. डोंगरांत नेटवर्कच नाहीं, मग वायफाय बंद कशाला, असें विचारणारे भेटतात. परंतु नेटवर्क नसतें तेव्हांच यंत्र तें शोधीत सुटतें. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप काटकसरीनें मंदावतो, म्हणून वीजबचत बंद करावी. तो तापला तरीही मंदावतो. तेव्हां त्याला गोधडीवर ठेवूं नये, फळीवर ठेवावा. यूएसबीची तार हबमधून न नेतां थेट जोडावी. शिवाय हातांत मावणारा लहानसा रेकॉर्डर शेजारीं चालू असलेला बरा.

होळीच्या आठ दिवस आधीं घरींच, बॅटरीवर, तासभर मुद्रण करून तें हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकावें. पहिल्या पांच मिनिटांत न सांपडलेला खटका पुष्कळदां यंत्र तापल्यावर सांपडतो.