गाठीपर्यंत पोहोचणारा प्रकाश

(एका वाचक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध आला तो वृत्तपत्राच्या टेबलावर, मथळे देताना. काही वर्षांपूर्वी ‘कर्करोगाच्या गाठी जाळणारे सुवर्णकण’ असा एक मथळा मी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. त्यांच्या पत्नीला अन्ननलिकेचा कर्करोग होता. त्यांनी शांतपणे विचारले, “हे औषध कोठे मिळेल, आणि साधारण खर्च किती येईल?” बातमी उंदरांवरील प्रयोगाची होती. तसे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेही होते. ‘चौकशी करून कळवतो’, एवढेच मी म्हणू शकलो. हा विषय मुळापासून वाचावयास घेतला तो त्यानंतर.

याची सुरुवात १८९७-९८ च्या हिवाळ्यात, जर्मनीतील म्युनिक येथे झाली. ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक टॅपायनर यांच्या हाताखाली ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा एकपेशीय जीवांवरील परिणाम तपासत होता. द्रावण तेच, जीव तेच; पण कधी ते लवकर मरत, तर कधी बराच काळ जगत. कारण शोधता शोधता त्याच्या ध्यानी आले की, फरक उजेडाचा आहे. तितक्या सौम्य द्रावणात अंधारात जीव तग धरत, नुसत्या प्रकाशानेही त्यांचे काही बिघडत नसे. दोहोंची गाठ पडली की मात्र मृत्यू. यातील तिसरा भागीदार प्राणवायू, हे पुढे स्पष्ट झाले. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देतो आणि तो प्राणवायू अत्यंत आक्रमक बनतो. त्याचे आयुष्य फार तर काही मायक्रोसेकंदांचे. जेथे जन्मला तेथेच तो पेशीला पोखरतो. दूरच्या निरोगी पेशीपर्यंत जाण्यास त्याला उसंतच नसते.

अमेरिकेत बफेलो येथे टॉमस डॉहर्टी यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रुग्णांपर्यंत नेली. त्यांच्या परिश्रमातून आलेल्या फोटोफ्रिन या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी, तर १९९५ मध्ये अमेरिकेत, कर्करोगाने बंद होत आलेली अन्ननलिका मोकळी करण्यासाठी मान्यता मिळाली. मात्र शिरेतून दिलेले औषध केवळ गाठीत थांबत नाही, त्वचेतही उतरते. रुग्णाला किमान तीस दिवस ऊन टाळावे लागते. आपल्याकडच्या वैशाखात, पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने हे पथ्य कसे पाळावे, याची कल्पना आपणच करावी! शिवाय यातील पुष्कळशी प्रभावी औषधे पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजक्यातील रेणू आपले काम नीट करीत नाहीत.

येथे नॅनोकणांचे काम सुरू होते. त्याच बफेलोत मूळचे बिहारचे पारस प्रसाद, त्यांचे सहकारी इंद्रजित रॉय आणि डॉहर्टी यांच्या चमूने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे तीस नॅनोमीटर आकाराच्या सिलिकाच्या कणांत त्यांनी असेच एक न विरघळणारे औषध कोंडले. आपल्या केसाच्या जाडीत असे दोन-अडीच हजार कण शेजारी शेजारी मावतील. मला यातील एक गोष्ट फार मोहक वाटली. एरवी औषधाची कुपी फुटल्याखेरीज औषध लागू पडत नाही. ही कुपी फुटावीच लागत नाही! कणाच्या छिद्रांतून प्राणवायू आत जातो, प्रकाश पडताच प्रखर होतो आणि बाहेर पडतो; औषध जागचे हलत नाही. अर्थात हा प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवरचा होता.

दुसरी अडचण प्रकाशाची. तांबडा प्रकाशही शरीरात जेमतेम काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर उपयोगी पडतो. म्हणून सिंगापूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अधिक खोल जाणारा अवरक्त प्रकाश आत पोहोचल्यावर दृश्य प्रकाशात बदलणारे कण उंदरांत वापरून दाखवले. सुवर्णकणांचा मार्ग निराळा; ते प्रकाशाची उष्णता करतात आणि गाठ भाजून काढतात. पवईची आयआयटी आणि खारघरचे ॲक्ट्रेक येथील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांत वापरलेले सोन्याचा मुलामा दिलेले कण पुढे इतके बारीक तुटतात की, मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकतात. अमेरिकेत सोन्याचा मुलामा दिलेले सिलिकाचे कण पुरुषस्थ ग्रंथीच्या कर्करोगात माणसांवर वापरले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रुग्ण होते सोळा.

मथळे देणाऱ्यांनी एक आकडा मात्र समोर ठेवावा. दहा वर्षांतील उंदरांवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन टोरोंटोच्या वैज्ञानिकांनी २०१६ मध्ये दाखवले की, टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के आहे. हजारात सात! उरलेल्यांपैकी पुष्कळसे यकृत व प्लीहा अडवून ठेवतात.

त्या गृहस्थांना मी काय सांगावयास हवे होते? ‘बातमीतले औषध कोठेही मिळत नाही. अन्ननलिकेसाठी प्रकाशाची जुनी पद्धत मात्र आहे. ती आपल्या पत्नीला लागू पडेल का, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारा.’ आणि कोणी ‘नॅनो उपचाराची चाचणी चालू आहे’ म्हणून पैसे मागितले, तर नोंदणी क्रमांक विचारावा. १५ जून २००९ पासून भारतात औषधांच्या अशा चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. ती नोंदवही संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ज्यांना आज पाहावयाची असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे, मी दाखवीन.