पारोळ्याचा किल्ला कोणी बांधला?
(शाळेच्या मुलांस किल्ला दाखवितेवेळी पालकांपुढे केलेले भाषण)



पारोळे हे पूर्वी पन्नासेक घरांचे खेडे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांणी १७२७ साली हा भुईकोट बांधविला व खेड्याचे कोटबंद शहर केले, असे सांगतात. आम्ही शाळेत 'बांधला' म्हणत नाही, 'बांधविला' म्हणतो. ह्या एका 'वि'त पुष्कळ माणसे दडलेली आहेत. खंदक खणावयास जहागीरदार कुदळ घेऊन उतरले होते काय? दगड घडणारे पाथरवट, चुना मळणारे गडी, माती वाहणाऱ्या बाया, ह्यांची नावे कोणत्या दप्तरांत आहेत?

हे घराणे झाशीवाल्यांचे नातलग. सत्तावनच्या बंडानंतर, १८५९ साली, इंग्रज सरकाराने जहागीरदारास बेइमान ठरवून गाव जप्त केले व किल्ला पाडविला. तेथेहि 'वि' आहेच! गोऱ्या साहेबाने का पहार धरली असेल?

जहागीर गेली, साहेबहि गेला. दगड मात्र येथेच आहेत. ज्यास तो गोठ्याच्या पायास न्यावासा वाटेल, त्याने आधी त्यावरील टाकीचे घाव बोटांनी चाचपावे. हा हात कदाचित आपल्याच खापरपणज्याचा असेल. येत्या रविवारी आम्ही तटावरची झुडपे काढणार आहो. ज्याच्या घरी कोयता असेल त्याने तो घेऊन यावे. भाकर आपापली आणावी.